वर्गीकरण (बालशिक्षण)

वर्गीकरण म्हणजे वस्तूंमधील साम्य व भेद ओळखून, एखादा गुणधर्म निकष मानून, त्यांचे गट करणे होय. पूर्वप्राथमिक शिक्षणात, म्हणजे साधारणपणे 3 ते 6 वर्षे या वयोगटात, गणित आणि परिसर अभ्यास या दोहोंच्या पूर्वतयारीतील हे मूलभूत कौशल्य मानले जाते. एका वस्तूशी तशीच दुसरी वस्तू जुळवणे, म्हणजे जोडी लावणे, ही त्याआधीची पायरी होय. लहान-मोठेपणानुसार वस्तू ओळीने मांडणे हे मात्र निराळे कौशल्य आहे. त्यात गट नसून तुलनेची साखळी असते. मोजणीचा पायाही वर्गीकरणातच आहे. टोपलीत फळे किती, हे मोजण्याआधी कशाला फळ म्हणायचे हे ठरवावे लागते.

विकासक्रम

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी या क्षमतेचा सविस्तर अभ्यास केला. त्यावरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ 1959 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या निरीक्षणानुसार सुमारे पाच वर्षांपर्यंतची मुले ठोकळ्यांचे गट करण्याऐवजी त्यांची आकृती रचतात. लाल चौकोनाशेजारी लाल गोल ठेवतात, मग गोलावरून दुसरा गोल आठवतो, आणि पाहता पाहता त्या रांगेची आगगाडी होते. निकष वाटेतच बदललेला असतो. पुढच्या टप्प्यात मूल एक निकष शेवटपर्यंत धरून ठेवू शकते.

तरीही गटात उपगट सामावलेला असतो हे त्याला लगेच उमगत नाही. पियाजे यांच्या प्रसिद्ध प्रयोगात सर्व मणी लाकडी होते. त्यांपैकी बहुतेक तपकिरी आणि थोडे पांढरे. ‘तपकिरी मणी जास्त की लाकडी मणी जास्त?’ या प्रश्नाला लहान मुले ‘तपकिरी’ असे उत्तर देत. तपकिरी मणी मनाने बाजूला काढले की ‘लाकडी’ म्हणून त्यांच्यासमोर फक्त पांढरेच उरत. सात-आठ वर्षांच्या सुमारास ही अडचण दूर होते, असे पियाजे यांचे मत होते.

पुढे यावर आक्षेप घेतले गेले. ब्रिटिश संशोधक जेम्स मॅकगॅरिगल यांनी खेळण्यातल्या चार गाई आडव्या ठेवून त्या झोपल्या आहेत असे मुलांना सांगितले. तीन काळ्या, एक पांढरी. ‘काळ्या गाई जास्त की गाई जास्त?’ यापेक्षा ‘काळ्या गाई जास्त की झोपलेल्या गाई जास्त?’ या प्रश्नाला बरोबर उत्तरे देणारी मुले अधिक निघाली. म्हणजे मुलांची चूक काही अंशी प्रश्नाच्या भाषेतही दडलेली होती. मराठीत पालेभाजी, फळभाजी, शेंगभाजी या शब्दांमध्ये मोठ्या गटाचे नाव आधीच आलेले असते. समावेशनाची कल्पना बोलण्यातून रुजवण्यास असे शब्द सोयीचे आहेत.

निकष कोणाचा?

अध्यापनात सर्वाधिक गफलत येथे होते. ताट, वाटी, पोळी आणि केळे यांची चित्रे दिली असता शिक्षकाला भांडी व खाद्यपदार्थ असे दोन गट अपेक्षित असतात. मूल ताटाबरोबर पोळी ठेवते आणि त्यावर फुली बसते. वास्तविक त्याने ‘एकत्र वापरल्या जाणाऱ्या वस्तू’ हा निकष लावलेला असतो. अशी विचारपद्धती केवळ बालसुलभ नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी 1931-32 मध्ये उझबेकिस्तानात केलेल्या पाहणीत शाळेत न गेलेल्या प्रौढ शेतकऱ्यांनी हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतून ओंडका वगळण्यास नकार दिला. ओंडक्यावाचून करवतीचा उपयोग काय, असा त्यांचा युक्तिवाद होता.

म्हणून ‘हे एकत्र का ठेवलेस?’ हा प्रश्न गट तपासण्याआधी विचारणे आवश्यक ठरते. त्यानंतर त्याच वस्तू मोडून दुसऱ्या निकषाने लावायला सांगाव्यात. एकच बटण रंगाने एका गटात, तर छिद्रांच्या संख्येने दुसऱ्या गटात जाते, हा अनुभव छापील कृतिपत्रिकेतून सहसा मिळत नाही. तेथे उत्तर आधीच ठरलेले असते.

साहित्य

मारिया माँटेसरी यांनी रंगपट्ट्या, खरखरीत-गुळगुळीत फळ्या असे खास साहित्य तयार केले, पण ते महाग होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे व नंतर कोसबाड येथे (दोन्ही सध्याचा पालघर जिल्हा) बालशिक्षणाचे काम करताना शिंपले, बिया, पाने, खडे असे परिसरात फुकट मिळणारे साहित्य वापरात आणले. अशा साहित्याचा आणखी एक लाभ असा, की खऱ्या पानांत गुणधर्म सुटे नसतात. अर्धवट पिवळे पान हिरव्यांत घालायचे की पिवळ्यांत, यावर मुलांना आपसांत बोलून ठरवावे लागते.

तीन वर्षांखालील मुलांना चिंचोके, मणी, बटणे यांसारख्या लहान वस्तू देऊ नयेत; त्या घशात अडकण्याचा धोका असतो. गुंजा दिसायला आकर्षक असल्या तरी विषारी असतात, त्यामुळे कोणत्याही वयाच्या मुलांसाठी त्या टाळाव्यात.