लॅपटॉपचा पत्ता चुकतो तेव्हा

बालमित्रांनो, समजा फुलचूरचा एक मुलगा सुट्टीत मामाकडे आमगावला गेला. तिथूनही तो सगळ्यांना फुलचूरचाच पत्ता सांगत राहिला, तर त्याची पत्रं कुठे जातील? फुलचूरला! आणि हा बसेल आमगावात वाट बघत. लॅपटॉपचंही कधी कधी असंच होतं, बरं का!

शाळेत छान चालणारा लॅपटॉप घरी आणला. वाय-फाय जोडलं, पण इंटरनेट काही उघडेना. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत तर उद्या संपणार! घरात एकच ओरड, "बिघडला!" आणि स्वारी निघाली दुकानात, पैसे मोजायला. थांबा! आधी त्याचा पत्ता बघा.

नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो मिळण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, हाताने भरलेला पक्का पत्ता. शाळेच्या संगणक खोलीत कधी कधी असा पत्ता देतात, म्हणजे कोणतं यंत्र कुठलं ते ओळखता येतं. दुसरी, राऊटरकडे मागून घेतलेला तात्पुरता पत्ता. या मागण्या-देण्याच्या नियमांना डीएचसीपी म्हणतात. ते १९९३ साली ठरले. घरी बहुधा हीच रीत असते.

आता बघा, शाळेतला पक्का पत्ता १९२.१६८.१०.२५ आहे आणि घरचा राऊटर आहे १९२.१६८.१.१. म्हणजे गल्लीच वेगळी! लॅपटॉप घरात बसून शाळेचं दार शोधतो. ते सापडणार कसं?

उपाय सोपा आहे. लॅपटॉप शाळेचा असेल तर आधी सरांना किंवा बाईंना विचारा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट आणि तिथून चालू जोडणीच्या माहितीत जा. 'आयपी असाइनमेंट'समोर 'मॅन्युअल' दिसलं, तर खालचे सगळे आकडे वहीत उतरवून घ्या. आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस, काही सोडू नका. मग 'ऑटोमॅटिक' निवडा आणि सेव्ह करा. शाळेत परतल्यावर वहीतले आकडे पुन्हा भरा, नाहीतर तिथे अडेल.

पालकांनो, दुकानात जाण्याआधी ही दोन मिनिटं मुलांना द्या. पैसेही वाचतील आणि अर्जही वेळेत जाईल!