आवृत्तीचं साल आधी पाहा

जळगाव-धुळ्यात बालसंगोपनाचं पुस्तक घेताना मुखपृष्ठावरच्या गुटगुटीत बाळाला भुलू नका. आधी आवृत्तीचं साल पाहा. लसींच्या यादीत रोटाव्हायरस आणि गोवर-रुबेला नसेल, तर पुस्तक शिळं झालं. पाच वर्षांपर्यंतचे वाढीचे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांनुसार हवेत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायला सांगणारं पुस्तक, लेखक कितीही नामवंत असो, सरळ परत ठेवा: मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिन्यांनंतरच्या वरच्या आहारात ॲव्होकॅडोच असेल, तर आपल्या केळी-ज्वारी-मुगाचं काय? बाकी, गरोदरपणात नोंदणीवेळी फुकट मिळणारं माता-बाल संरक्षण कार्ड कित्येक घरांत न वाचताच पडून असतं. त्यात वाढीचा आलेख आहे, लसीकरणाचं वेळापत्रकही.