विटाळ नव्हे, दया
मी नाशिकचा, आणि व्हीगन. मांस सोडले, दूधही सोडले. वस्तीत विचारतात, "काय रे, बामण झालास का?" प्रश्न बोचतो, पण रास्त आहे. आपल्याकडे शाकाहार दयेपेक्षा विटाळाचीच भाषा अधिक बोलला. बाबासाहेबांनी 1948 च्या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ गोमांसभक्षणाशी जोडून दाखवले.

2015 च्या राज्य कायद्याने बैल कापणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद ठरवली. दूधधंदा मात्र तसाच. दुधासाठी गाय पुन्हा पुन्हा व्यायला लावायची, गोऱ्हा नकोसा करायचा, ही कसली गोभक्ती?

1956 च्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवरील दया आहे. जनावराची बाजू मी तिथून मांडतो. कुणाच्या ताटावर पहारा ठेवत नाही. ज्याला माणसाचा विटाळ होतो, त्याची भूतदया मला नको.