सायलेन्सरचा बोल्ट ढिला का होतो?

मोटारसायकलच्या अंगालगत मागच्या चाकापर्यंत गेलेला लांबट सायलेन्सर आपण रोज पाहतो. तो अधांतरी कसा राहतो याकडे मात्र सहसा आपले लक्ष जात नाही. त्याचे पुढचे टोक इंजिनातून निघालेल्या धुराच्या नळीला जोडलेले असते. मागे, पोलादी पट्टीच्या भोकातून गेलेला एखाद-दुसरा बोल्ट त्याला गाडीच्या सांगाड्याशी बांधून ठेवतो. सायलेन्सरचे वजन चार-पाच किलो. ८ मिलिमीटर जाडीच्या चांगल्या पोलादी बोल्टला एक टन वजन टांगले तरी तो तुटत नाही. मग गॅरेजमध्ये “सायलेन्सर ढिला झालाय” ही तक्रार इतक्या वेळा का ऐकू येते?

तक्रार किरकोळ वाटते, पण तिचे परिणाम किरकोळ नसतात. मागचा आधार सुटला की सारा भार पुढच्या नळीवर पडतो. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या डोक्यात बसवलेले स्टड त्यामुळे आट्यांसह उपटून येऊ शकतात. सांध्यातून तापलेला विषारी धूर गळू लागतो. भर रस्त्यात सायलेन्सर निखळून पडला, तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा एवढासा नट जागेवर का राहत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

धक्का येतो कोठून?

उदाहरणासाठी जुन्या धाटणीची ३५० बुलेट घेऊ. १९५५ सालापासून मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, बुलेट जुळवल्या आणि पुढे तयार केल्या जाऊ लागल्या. या गाडीला एकच सिलिंडर. त्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. म्हणजे दट्ट्या सेकंदात ५० वेळा वर जातो आणि ५० वेळा खाली येतो. प्रत्येक टोकाला त्याला थांबून उलट फिरावे लागते. वर्तुळगतीचे सूत्र वापरून गणित केले, तर टोकाशी दट्ट्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ४५० पट येते. दट्ट्या आणि त्याच्याबरोबर हलणारे भाग मिळून अर्धा किलो धरले, तरी हा धक्का सव्वादोनशे किलो वजनाएवढा होतो!

क्रँकवर उलट बाजूला वजन ठेवून हा धक्का कमी करतात. पण एका सिलिंडरच्या साध्या इंजिनात तो पुरता नाहीसा करता येत नाही. उभा धक्का पूर्ण मारायला जावे, तर तेवढाच धक्का पुढे-मागे उत्पन्न होतो. म्हणून मधला मार्ग काढावा लागतो, आणि उरलेला कंप सांगाड्यातून सायलेन्सरपर्यंत पोचतो.

समजा, सायलेन्सरची पट्टी सेकंदाला ५० वेळा, मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना फक्त अर्धा मिलिमीटर हलते आहे. डोळ्यांना हे हलणे जेमतेम दिसेल. तरीही तिचे त्वरण गुरुत्वाच्या पाचपट होते. चार किलोचा सायलेन्सर मग त्या बोल्टला एकदा इकडून आणि एकदा तिकडून २० किलो वजनाएवढ्या बळाने ढकलतो. हे बळ आडवे असते, आणि खरी गोम तिथेच आहे.

नट उलटा कसा फिरतो?

कागदाचा एक लांबट काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्याच्या तिरक्या कडेचा जो वेढा दिसतो, तोच बोल्टचा आटा. आटा म्हणजे बोल्टभोवती गुंडाळलेला उतारच. ८ मिलिमीटरच्या सर्वसाधारण बोल्टवर हा उतार जेमतेम तीन अंशांचा असतो. एवढ्या मंद उतारावरून नट आपोआप घसरत नाही, कारण घर्षण त्याला धरून ठेवते.

आता एक प्रयोग करा. एक लाकडी फळी तिरकी ठेवा आणि तिच्यावर दोन-तीन नाणी भरलेली आगपेटी ठेवा. उतार असा ठेवा की पेटी घसरता घसरता राहील. पेटीच्या दोन्ही बाजूंना दोरे बांधा आणि ते आळीपाळीने अगदी आडवे ओढा. वर नाही, खाली नाही. पेटी प्रत्येक ओढीबरोबर थोडी थोडी खाली उतरताना दिसेल! कारण घर्षण नेहमी सरकण्याच्या नेमक्या उलट दिशेने काम करते. पेटी आडवी सरकू लागली की घर्षणाचे बहुतेक बळ आडव्या दिशेतच खर्च होते. उताराला विरोध करायला फारसे काही उरत नाही.

बोल्टचेही तसेच होते. आडव्या धक्क्यांनी पट्टी आणि आटे एकमेकांवर सरकू लागले, की नट आपल्या उतारावरून केसाकेसाने उलटा फिरतो. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने खास यंत्र तयार करून ही गोष्ट दाखवून दिली. आवळलेल्या जोडाला आडवे हलवले, तर काही वेळातच नट पार सुटून येतो. बोल्टच्या लांबीच्या दिशेने होणाऱ्या ओढाताणीपेक्षा आडवी सरक फार घातक असते. नेहमीचा स्प्रिंग वॉशरही अशा सरकण्यापुढे फारसा टिकत नाही.

बोल्ट म्हणजे ताठ स्प्रिंग

मग उपाय काय? पट्टी सरकूच न देणे. ते काम बोल्टचा ताण करतो. डोक्यावर ८.८ असा आकडा उमटवलेला ८ मिलिमीटरचा बोल्ट योग्य आवळला, तर तो सुमारे १,६०० किलो वजनाएवढ्या बळाने पट्ट्या दाबून धरतो. घर्षणगुणक ०.१५ धरला, तर पट्टी सरकवायला २४० किलो बळ लागेल. सायलेन्सरचा धक्का तर केवळ २० किलोंचा. मग काळजी कसली?

काळजी अशी की, हा ताण फार थोड्या लांबणीवर उभा असतो. आवळल्यावर बोल्ट रबरासारखा ताणला जातो, पण २० मिलिमीटर लांबीच्या बोल्टची ही वाढ जेमतेम ०.०४ मिलिमीटर असते. पट्टीवरचा रंग, गंज किंवा भोकाच्या कडेची कूस दाबली जाऊन ०.०३ मिलिमीटरने बसली, की तीन चतुर्थांश ताण गेला! राहिले ४०० किलो. आणखी थोडे बसले आणि ताण शंभर किलोंवर आला, की घर्षण १५ किलोंचेच उरते. आता २० किलोंचा धक्का पट्टीला सरकवतो आणि नट फिरू लागतो. पहिले कित्येक महिने काही होत नाही आणि मग आठवड्याभरात बोल्ट गळून पडतो, त्याचे रहस्य हेच.

उष्णता आणि थकवा

दुसरा शत्रू उष्णता. पोलादाची लांबी दर अंश सेल्सिअसला दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. मीटरभर लांबीची नळी सरासरी २०० अंशांनी तापली, तर ती जवळजवळ अडीच मिलिमीटर लांब होते. थांबल्यावर पुन्हा आखडते. पुढचे टोक इंजिनाला आणि मागचे टोक सांगाड्याला करकचून बांधले, तर ही वाढ जाणार कोठे? ती पट्टी वाकवते, नाहीतर पुढच्या स्टडांवर ताण आणते.

तिसरा शत्रू धातूचा थकवा. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. अशा आसांचा पुढे जर्मनीत आउगुस्ट व्हलर याने वर्षानुवर्षे अभ्यास केला. एकदा दिला तर सहज सोसेल असा भारही लाखो वेळा पालटून दिला, तर पोलादाला तडा जातो, असे त्याने दाखवले. आपली पट्टी सेकंदाला ५० हेलकावे खाते, म्हणजे तासाला १ लाख ८० हजार. ५६ तासांच्या प्रवासात एक कोटी! म्हणूनच पट्टी मोडते ती भोकाच्या कडेला, नाहीतर वेल्डिंगच्या शेजारी, जेथे ताण एकवटतो.

त्यात अनुनादाची भर पडते. पोलादी पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून धरा, तिच्या टोकाला खोडरबर बांधा आणि टिचकी मारा. बाहेर आलेली लांबी वाढवली की कंप मंदावतो. प्रत्येक ब्रॅकेटची अशी स्वतःची कंप्रता असते. इंजिनाची कंप्रता तिच्याशी जुळली, की छोटे धक्के मोठे हेलकावे बनतात. म्हणून मूळ पट्टीऐवजी लांब पट्टी लावणे किंवा जड सायलेन्सर बसवणे हे अनेकदा संकटाला आमंत्रण ठरते.

घट्ट आणि मोकळा, एकाच वेळी

आता पेच पाहा. नट सुटू नये म्हणून सारे घट्ट हवे. उष्णता आणि कंप यांसाठी मात्र सायलेन्सरला थोडे हलता यायला हवे. या दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या करणारी साधी वस्तू म्हणजे पोलादी नळकांडे असलेले रबरी बुश.

पट्टीच्या भोकात रबराचे कडे बसते आणि त्या कड्याच्या आत पोलादी नळकांडे. बोल्ट या नळकांड्यातून जातो. नळकांडे रबरापेक्षा किंचित लांब ठेवतात. त्यामुळे बोल्ट आवळला की पोलादावर पोलाद दाबले जाते आणि पूर्ण ताण टिकतो. रबर दाबले जातच नाही. सायलेन्सर हलतो तो रबरावर, आट्यांवर नव्हे. बोल्टही आपोआप लांब होतो. ४० मिलिमीटरचा बोल्ट २० मिलिमीटरच्या बोल्टपेक्षा दुप्पट ताणला जातो, म्हणून ०.०३ मिलिमीटर बसल्याने त्याचे नुकसान निम्मेच होते.

१९६७ साली इंग्लंडमधील नॉर्टन कंपनीने ‘कमांडो’ मोटारसायकलमध्ये हे तत्त्व अख्ख्या इंजिनाला लावले. इंजिन, गिअरपेटी आणि मागच्या चाकाची भुजा यांचा एक गट करून तो रबरांवर बसवला. दोन्ही दट्टे एकदमच वर-खाली जाणाऱ्या त्या इंजिनाचा थरकाप चालकापर्यंत फारसा पोचत नसे.

बसवताना

सायलेन्सर बसवताना पुढील गोष्टी सांभाळाव्या. काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. पट्टीवरचा गंज, चिखल आणि दाट रंग खरवडावा. सगळे नट आधी हातानेच लावावेत आणि सायलेन्सरला आपली जागा घेऊ द्यावी. मग पुढचे नट आळीपाळीने सारखे आवळावेत आणि मागचा बोल्ट शेवटी. भोके जुळत नाहीत म्हणून सायलेन्सर ओढून बसवू नये. तो ताण पुढे तडा बनतो. नायलॉनचे कडे असलेला नट मागच्या बाजूला उत्तम. पण असे नायलॉन साधारण १२० अंशांपर्यंतच टिकते, म्हणून इंजिनाजवळ सर्व-धातूचा लॉकनटच हवा. बुशच्या दोन्ही अंगांना भोकापेक्षा मोठे वॉशर घालावेत. रबर फाटले तरी सायलेन्सर पडत नाही. नटापासून पट्टीपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे पान्ह्याशिवाय कळते. नव्या बसवणीनंतर शंभर-दीडशे किलोमीटरांनी, गाडी थंड असताना, ताण पुन्हा तपासावा, कारण रंग आणि गॅसकेट बसायचे ते याच काळात.

तारेने बांधलेला सायलेन्सर घरापर्यंत पोचवील, एवढेच. ती तार ताणही देत नाही आणि धक्काही शोषत नाही.

शाळेच्या आवारात शिक्षकांच्या दुचाकी उभ्या असतील. त्या थंड झाल्यावर, शिक्षकांना विचारून, सायलेन्सरचा मागचा आधार निरखून पाहा. रबर आहे का, ते चिरलेले आहे का, नटाभोवती गंजाची तांबूस भुकटी दिसते का? भुकटी असेल तर तेथे धातू धातूवर सरकत आहे. अशा गाडीच्या मालकाला ते त्याच दिवशी सांगा.