फायलींची चार कपाटं
अमेरिकन गुंतवणूकदार वॉल्टर श्लॉस कॉलेजात गेलेच नाहीत. १९३४ साली वॉल स्ट्रीटवर निरोप्या म्हणून लागले, पुढे गुंतवणूकतज्ज्ञ बेंजामिन ग्रॅहम यांच्या वर्गात शिकले आणि १९५५ मध्ये स्वतःचा फंड काढला. १९५६ साली कचेरीत फायलींचं एकच कपाट होतं. २००२ पर्यंत चार झाली, एवढाच काय तो विस्तार! ना कारकून, ना सेक्रेटरी. जोडीला फक्त मुलगा.

पद्धतही तशीच साधी: कंपनीचा ताळेबंद वाचायचा, देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेपेक्षा शेअर स्वस्त दिसला की घ्यायचा. कंपनीच्या साहेबलोकांच्या गोड बोलण्यापेक्षा श्लॉस यांची भिस्त आकड्यांवर. तरी एखादा अंदाज चुकणारच, म्हणून शंभरेक कंपन्या, बऱ्याचशा मरगळलेल्या.

साडेचार दशकांत वार्षिक परतावा सुमारे १५ टक्के, बाजाराचा १०. फरक किरकोळ वाटतो? चक्रवाढीने ४५ वर्षांत १० टक्क्यांनी रुपयाचे ७३ होतात, १५ टक्क्यांनी ५३९.