संगणक अडला, माहिती गेली नाही

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स असताना पार्टिशनचा आकार बदलला, की कधीकधी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरे उमटतात. अशा वेळी माहिती बहुधा शाबूत असते. पार्टिशनचा क्रमांक बदलल्याने ग्रब या बूटलोडरला आपल्या फायलींचा ठावठिकाणा लागत नाही, इतकेच. म्हणून कोणी सुचविले तरी घाईने फॉरमॅट करू नये. पेनड्राइव्हवरील लाइव्ह लिनक्सने संगणक सुरू करावा. जातीचे दाखले, गुणपत्रिका, विद्यार्थ्यांचे प्रकल्प प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. त्यानंतरच लिनक्सचे पार्टिशन माउंट करून ग्रब पुन्हा बसवावे. पार्टिशन दिसतच नसेल, तर त्या डिस्कवर काहीही न लिहिता जाणकारास दाखवावे. यापुढे आकार बदलण्यापूर्वीच सर्व कागदपत्रांची प्रत अन्यत्र काढून ठेवावी.