चौकट : तोरण्याच्या वाटेवर पहिला मिररलेस

कॅननचा ईओएस आर५० (२०२३) हा नवशिक्यांसाठीचा मिररलेस. बॅटरी-कार्डासह वजन ३७५ ग्रॅम, सेन्सर २४.२ मेगापिक्सेल. वेल्ह्यातून तोरण्याची १,४०३ मीटरची उंची गाठताना हा हलकेपणा पाठीला खरोखर जाणवतो.

भोर-वेल्ह्यात खरी परीक्षा पावसाची. आर५०ला पाणी-धूळ रोखणारं सील नाही. मढे घाटात किंवा वरंध्यात धुक्याचे थेंबही बॉडीच्या फटींत शिरतात, म्हणून रेनकव्हर हवंच. त्याहून घातक घरातली दमट हवा. आषाढ-श्रावणात कॅमेरा कापडी बॅगेत पडून राहिला, तर लेन्सच्या काचेवर बुरशीचे धागे धरतात आणि काचेवरचा लेप कायमचा खराब होतो. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, एवढ्यावर भागतं. निळ्या जेलचा रंग गुलाबी झाला की ते तापवून पुन्हा वापरावं. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्स धुरकटते. अशा वेळी लेन्स बदलू नये, आत दव धरतं.

सोबत मिळणारी १८-४५ मिमी लेन्स भाटघरचा जलाशय किंवा रायरेश्वराचं फुललेलं पठार छान टिपते. दूरच्या पक्ष्यांसाठी मात्र ती तोकडी पडते.

जूनच्या तोंडावर काजवे टिपायचे तर ट्रायपॉड, मॅन्युअल फोकस आणि २० ते ३० सेकंदांचं एक्स्पोजर लागतं. टॉर्च मात्र बंदच ठेवावी, कारण उजेडाने काजव्यांचं लुकलुकणं, म्हणजेच त्यांचं जोडीदार शोधणं, विस्कटतं.

स्क्रीन सतत चालू राहत असल्याने बॅटरी डीएसएलआरपेक्षा लवकर उतरते. राजगडावर मुक्कामाला जाताना दुसरी बॅटरी घ्यावीच.